साडेसहाचं गाऱ्हाणं

तिकिटाच्या खिडकीपाशी धुऱ्यांच्या घरातली सतरा माणसं गाडीतून उतरली, तेव्हा रुक्मिणीने सगळ्यात आधी काय केलं असेल तर फाटकावरचा कार्यक्रमाचा फलक वाचला. पाच वाजता जादूचे प्रयोग. साडेपाचला बैलगाडीची फेरी. आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'सायंकाळी ६.३० वाजता मांडावर खास मालवणी गाऱ्हाणे, त्यानंतर दशावतार'. वाचून झाल्यावर ती फलकाला पाठ लावून उभी राहिली. बाई पावणेपाच फुटांची, फलक सहा फुटांचा. झाकून झाकून किती झाकणार?

"रुक्मिणी, थंय उन्हात कित्याक उभी? चल आत," थोरली जाऊ लक्ष्मी म्हणाली.

"येतंय, वयनी. तुमी व्हा फुडे."

दोन वर्षांपूर्वी सड्यावरच्या उघड्या कातळावर हे 'कोकणमाया' पार्क उभं राहिलं. आत सिमेंटचे फणस, सिमेंटची गुरं, सारवल्यासारखा रंग दिलेल्या फरश्या, आणि मधोमध आकाशपाळणा. ज्यांच्या परसात खरे फणस पडून कुजतात अशी माणसंसुद्धा सिमेंटच्या फणसाला मिठी मारून फोटो काढून घेत. धुऱ्यांचं गाव इथून नऊ किलोमीटरवर, धामापूरच्या अलीकडे. तरी आजवर घरातलं कोणी इथे फिरकलं नव्हतं, आणि फिरकू नये म्हणून रुक्मिणीने वर्षभर कमी खटपट केली नव्हती. कधी म्हणे थंय माणसांची झुंबड आसता, कधी म्हणे थंयचो वडो तेलकट. पण दिवाळीच्या सुटीत ठाण्याहून संचिता आली. लक्ष्मीची ही नऊ वर्षांची नात एकदा हट्टाला पेटली की आजोबांचंही काही चालत नाही, तिथे रुक्मिणीची काय कथा!

भानगड होती ती तिच्या सिद्धेशची. सिद्धेश पार्कात सुपरवायझर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो होताही, सकाळी दहापासून सहापर्यंत. साडेसहाला मात्र तो शर्ट-पँट उतरवून धोतर नेसायचा, डोक्याला मुंडासं बांधायचा आणि तीन-चारशे पाहुण्यांपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचा. हे घरात फक्त आईला माहीत होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात ह्याचं कौतुक झालं असतं. पण धुरी गावचे मानकरी. जत्रेला, दसऱ्याला रवळनाथाच्या देवळापुढे सगळा गाव हात जोडून उभा राहिला की देवाला हाक मारायची, गावाचं बरंवाईट त्याच्या कानावर घालायचं, हा मान ह्या घराचा. एकाने म्हणायचं आणि गावाने वाक्यागणिक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. गेली बावीस वर्षं गाऱ्हाणं घालत होते ते रुक्मिणीचे थोरले दीर, भिकाजी. आवाज असा खणखणीत की पाखाडीच्या पायऱ्यांखालच्या माणसाने हातातली कोयती खाली ठेवावी. आता त्यांनी सत्तरी ओलांडली होती. गेल्या दोन जत्रांना घसा धरल्याचं सांगून त्यांनी गाऱ्हाणं आवरतं घेतलं होतं. आणि आज सकाळी घावणे खाता खाता त्यांनी सांगून टाकलं, "औंदा जत्रेक मी उभो रवाचंय नाय. रविवारी बारापाच बसतत. थंय नाव सांगतलंय."

बारापाच म्हणजे गावच्या मानकऱ्यांची बैठक. तिथे एकदा नाव सांगितलं की ते दगडावरची रेघ. ह्या घरात मान थोरल्या मुलाकडेच जावा असा नियम नव्हता. ज्याच्या तोंडी शोभेल त्याने म्हणावं, एवढंच. तेव्हा नावं दोनच होती. एक भिकाजींचा ओंकार, ठाण्याला बँकेत असलेला, आणि दुसरा सिद्धेश. ओंकार स्वभावाने गरीब गाय, पण मालवणी बोलायला लागला की कर्जाचा अर्ज वाचून दाखवतोय असं वाटायचं.

रुक्मिणीला हा मान सिद्धेशला हवा होता. का हवा होता, तेही ती स्वतःपासून लपवत नव्हती. तिचा नवरा शिवा, भिकाजींचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. जन्मभर तो कधी पुढे झाला नाही. "तुमका देवान तोंड दिल्यान काय नाय?" असं तिने त्याला कितीतरी जत्रांनंतर ऐकवलं होतं. तो हसायचा आणि पानाला चुना लावत बसायचा. बापाला जे मिळालं नाही ते मुलाला मिळावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि देवाचं गाऱ्हाणं आपला पुतण्या तिकीट लावून म्हणतो हे भिकाजींना आज कळलं असतं, तर रविवारी ओंकारचं नाव पुढे गेलंच म्हणून समजा.

आजचा खेळ दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं सिद्धेशने कबूल केलं होतं. पण सगळी आत शिरतायत तोच त्याचा फोन आला.

"आई, चंदन इलो नाय. ताप भरलो तेका. माकाच उभा रवाचा लागतला."

"अरे मेल्या! आणि ह्यां तू माका आता सांगतस?"

"तू एक कर. साडेसहाक सगळ्यांका पाळण्यात बसव. मांडाकडे हाडू नको. धा मिनटांचो तर प्रश्न."

"भावोजी पाळण्यात बसतीत?"

"तां तू बघ."

मग पुढचा दीड तास रुक्मिणीने सतरा माणसांना असं पळवलं की काही विचारू नका. पोरांना घसरगुंडीवर पाठवलं. लक्ष्मीला आगगाडीत बसवलं. भिकाजी सिमेंटच्या फणसापाशी थांबले, बोटाने टकटक करून म्हणाले, "ह्येका गरे किती येतत ता विचारा मालकाक," तर त्यांनाही तिने हसत हसत तिथून हलवलं.

"काकी, आज तुमच्या अंगात आलंय काय?" ओंकारची बायको अपेक्षा म्हणाली.

"परत कधी येतलंव गो? पैशे दिले आसत, तर सगळा बघूक नको?"

ओंकार एका बाकावर वही उघडून बसला होता. वडिलांचं जुनं गाऱ्हाणं फोनवर ऐकून त्याने ते उतरवून काढलं होतं. "काकी, जत्रेत बघून म्हटलं तर चालतं का हो?" त्याने अगदी मनापासून विचारलं. रुक्मिणीला त्याची दया आली. ह्या पोराला मान नकोच होता. हवा होता तो त्याच्या आईला.

सव्वासहाला तिने पाळण्याकडे मोर्चा वळवला. भिकाजी अडून बसले. "माका नको. हंय जमनीर बरो आसंय."

"भावोजी, वरसून आपला देऊळ दिसता म्हणतत."

हे कोणी म्हणत नव्हतं. पण भिकाजी उठले. एका डब्यात चौघं बसली, भिकाजी, लक्ष्मी, संचिता आणि रुक्मिणी. रुक्मिणीला झोपाळ्यावरसुद्धा गरगरायचं. तिने दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. बाकीचे मागच्या डब्यांत. पाळणा हलला. खालची माणसं लहान झाली, पश्चिमेला आभाळ तांबडं होत होतं, आणि भिकाजी मान वळवून वळवून देऊळ शोधत होते.

"खंय आसा गो देऊळ?"

"थंय, त्या माडांच्या पलीकडे," रुक्मिणी डोळे न उघडता म्हणाली.

डबा अगदी टोकाला पोचला आणि खांबाखांबावरचे कर्णे एकदम खरखरले.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

रुक्मिणीने खाडकन डोळे उघडले. कर्णे सगळ्या पार्कात लावलेत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मांडापासून लांब नेलं की सुटलो, एवढाच तिचा हिशोब. वर तर आवाज जास्तच स्वच्छ येत होता.

"आज ह्या सड्यावर जी काय लेकरां पुण्या-मुंबयसून इली आसत म्हाराजा, तेंका सुखरूप ठेव म्हाराजा! घाटात तेंच्या गाडयेचो टायर फुटाक देव नको म्हाराजा!"

खालून हशा उसळला. आणि त्या हशावर, अगदी शेजारून, लक्ष्मी हात जोडून म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मागच्या डब्यातूनही चार आवाज आले. धुऱ्यांची माणसं ती, जन्मल्यापासूनची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडायचं, कुठे बसलोय ते मागाहून कळायचं. लक्ष्मीला ते कळलं आणि तिने जोडलेले हात पटकन मांडीवर घेतले.

"ह्यो शिवाचो आवाज," भिकाजी म्हणाले.

"शिवाचो कसो आसात? सिद्धेश तो," लक्ष्मी म्हणाली, आणि रुक्मिणीकडे वळली. "तुका म्हायत होता?"

"व्हय, वयनी."

"तरीच माका त्या झुकझुक गाडयेत बसवलंस! देवाक बाजारात नेवन बसयल्यान तुझ्या झिलान, आणि तू आमका पाळण्यात बसवन फिरवतस?"

"ए, पाळणो थांबव रे!" भिकाजी खाली वाकून ओरडले. पाळणा काही थांबला नाही. अजून चार फेऱ्या होत्या, आणि चारही त्यांना पुऱ्या कराव्या लागल्या. वर गेलं की सिद्धेशचा आवाज, खाली आलं की पॉपकॉर्नच्या यंत्राचा. संचिता तेवढी खूश होती. प्रत्येक वाक्याला ती ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" आजोबांनी तिच्याकडे बघितलं, पण तिला गप्प केलं नाही.

उतरल्याबरोबर भिकाजी तडक मांडाकडे निघाले. मागून घरातली माणसं, आणि सगळ्यांत मागे रुक्मिणी. पायांखालची जमीन अजून फिरत होती.

मांड म्हणजे गोल दगडी चौथरा आणि समोर पायऱ्यांवर बसलेले लोक. काकांना बघून सिद्धेशचं वाक्य तोंडातच राहिलं. भिकाजी सरळ वर चढले.

"ह्यां काय मांडलंस तू हंय?"

"काका, देवाचा नाव मी खंयच घेवक नाय. सातेरी नाय, रवळनाथ नाय. इचारा कोणाकय."

"नाव नाय, तर हाक कोणाक मारतस? माड-पोफळींका?"

सूत्रसंचालन करणाऱ्या तेजस्वी नावाच्या मुलीला वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग. ती लगबगीने पुढे आली आणि माइक भिकाजींच्या हातात देऊन म्हणाली, "आणि आता आपल्यासाठी गावचे जाणते आजोबा अस्सल गाऱ्हाणं सादर करतील!" टाळ्या पडल्या.

भिकाजींनी माइक तिला परत केला. "आयक," ते सिद्धेशला म्हणाले, "गाऱ्हाणा कसा आसता तां." पायातल्या वहाणा काढून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! आई सातेरी, बा रवळनाथा, बा गांगेश्वरा..."

माइकशिवाय तो आवाज वरच्या पायरीपर्यंत गेला. खाणारे खायचे थांबले. रुक्मिणीच्याही अंगावर काटा आला; राग असो, भीती असो, तो आवाज ऐकून येणारच. आणि गांगेश्वराच्या नावापाशी भिकाजी थांबले.

आधी वाटलं, दम घेतायत. मग तिला त्यांचे ओठ दिसले. ते हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. सत्तरी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस चारशे लोकांपुढे रिकामा उभा होता, आणि त्याची मान सारखी डावीकडे वळत होती. मागे कोणीतरी असायला हवं, आणि नाही, असं काहीतरी. लक्ष्मीने रुक्मिणीचं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"काय झाला गो ह्येंका?" ती कुजबुजली. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

सिद्धेश दोन पावलं सरकून काकांच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला. "व्हय म्हाराजा!" तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याच दमात, "पूर्वसाक आयकाक जावंदे म्हाराजा!"

"बा पूर्वसा म्हाराजा!" भिकाजींनी पुढच्या देवाचं नाव उचललं. "चवाठ्यावरच्या म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांनी..." पुन्हा थांबले.

"व्हय म्हाराजा! भातशेत पिकवल्यानी म्हाराजा!"

"भातशेत पिकवल्यानी, आंबो-काजी राखल्यानी, तेंचो तू राखणदार हो म्हाराजा!"

चार वेळा अडले, चारही वेळा सिद्धेशने सावरलं. पायऱ्यांवरच्या लोकांना एवढंच कळलं की एक म्हातारा आणि एक तरुण, दोघांनी मिळून म्हणायची काही रीत आहे. शेवटी "काय चुकला-माकला आसात तां पदरात घी म्हाराजा" झालं तेव्हा सगळा मांड ओरडला, "व्हय म्हाराजा!" पुढच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "किती छान बसवलंय नाही?"

ओंकारने वही मिटून पिशवीत टाकली. "काकी, बाबांना बरं नाहीये का?" त्याने विचारलं.

दशावतार सुरू झाला. घरातली माणसं पायऱ्यांवर बसली, पोरांच्या हातात बर्फाचे गोळे आले. भिकाजी मात्र उठून बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिकडे गेले. थोड्या वेळाने ते फाटकापर्यंत परत आले आणि रुक्मिणीला हाताने खूण केली. दीर आणि भावजय असे दोघंच कधी बोलायला उभे राहिले नव्हते. ती गेली. अंधार पडत आला होता.

"भावोजी, तेका बोला नको. मी सांगतंय तेका. उद्यापासून नाय उभो रवाचो."

"कित्याक? तां तेचा काम. देवाचा नाव बाजारात काढूक नाय तेणा, सांबाळल्यान. माझ्या तां आधी लक्षात येवक नाय." ते गाडीच्या दाराला टेकले. "रुक्मिणी, माका गाऱ्हाणा पुरा कधी येवकच नाय."

ती एक पाऊल पुढे झाली.

"बाबा गेले तेवा मान माका दिल्यानी. आवाज माझो, पाठ शिवाक. तो माझ्या डाव्या अंगाक मागे उभो रवायचो आणि एक एक नाव कानात घालायचो. गावाक वाटायचा, धाकटो भाव थोरल्याच्या मागे आसा. वीस वर्सां! तो गेलो आणि माझो घसो धरलो."

"वीस वर्सां," रुक्मिणी म्हणाली.

"रविवारी सिद्धेशाचा नाव सांगतंय. तेका बापाशीचा सगळा येता, आज आयकलंय मी. लक्ष्मीक मी समजावतंय."

तिला हवं होतं ते मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. आणि तोही आधी शिवावर. मेल्या, मी तुका वीस वर्सां टोचून खाल्लंय, आणि तू हसत रवलंस? एक शब्द बोललो असतास तर तुझी जीभ झडली असती काय? मग ते तोंड आठवलं, पान लावता लावता खाली घातलेलं, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

"माका सांगूक काय झाला होता तेंका? मी घरातलीच ना?"

"मियाच तेका आन घातलेली. कोणाक सांगाचा नाय म्हणान. बायलेक सुद्धा नाय." भिकाजी घुटमळले. "तुयाव आता कोणाक सांगू नको. चार दिसांचो प्रश्न. माझी गावात काय आसा ती..."

"नाय, भावोजी."

आवाज चढला नव्हता, पण भिकाजींनी मान वर केली.

"जत्रेक, सिद्धेशाक फुडे करूच्या आधी, तुमी देवाफुडे उभे रवा आणि गावाक आयकाक जायत असा सांगा. वीस वर्सां गाऱ्हाणा शिवान सांगल्यान म्हणान."

"गावाफुडे?"

"माझो घोव मुको म्हणान गेलो. गावान म्हटल्यान तां म्हटल्यान, मीव म्हटलंय. तुमी नाय सांगलास तर सिद्धेश उभो रवाचो नाय. मी तेका उभो रवाक देवचंय नाय. ओंकारान वयेत बघून म्हणूचा."

वर्षभर ज्याच्यासाठी धडपडली ते तिने एका वाक्यात परत ठेवलं होतं. ते ठेवल्यावर तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. आतून मृदंगाचा आवाज येत होता. भिकाजींच्या वहाणा मांडावरच राहिल्या होत्या. अनवाणी पायाने ते खडी सारखी करत होते.

"तुका ठावक नाय, रुक्मिणी," ते शेवटी म्हणाले. "देवाफुडे हात जोडले काय माका काय्येक आठवणा नाय. सगळा पुसला जाता. थंय उभो रवान मी सांगतलंय कसा?"

"एकच वाक्य आसा, भावोजी," ती म्हणाली. "तां तुमका आठवतला."